मधला अर्धा तास

तात्या जिलेबी बशीत टाकून उठले, त्याला आता पंधरा दिवस झाले. माझ्या डोक्यातून ती बशी काही जात नाही.

राजेंद्रनगरातल्या आमच्या घराला अजून ओटला आहे. रविवारी सकाळी त्यावर पोह्यांच्या बशा येतात, वर शेव, जीरावण, लिंबाची फोड, आणि कोपऱ्यावरून आणलेली गरम जिलेबी, कागदाला चिकटलेली. बशा रिकाम्या झाल्या तरी माणसं उठत नाहीत. दादा, वहिनी, दादाचा महूचा मित्र, एकोणीस वर्षांचा भाचा, समोरच्या घरातलं कोणीतरी, आणि तात्या. तात्या नात्यातले नाहीत, बाबांचे मित्र. बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली, पण तात्यांचा रविवार चुकलेला नाही. त्यांची जागाही ठरलेली. डावा कान भिंतीकडे, उजवा आमच्याकडे, उजवा पाय समोर लांब केलेला. फारसं बोलत नाहीत. पोहे संपले की जिलेबीचं एकच वेटोळं घेतात आणि ते इतक्या सावकाश खातात की तोवर चहा होतो. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली तेव्हाही त्यांनी ते एक वेटोळं राखून ठेवलं होतं. त्या दिवशी ते बशीतच राहिलं.

विषय होता नागराज मंजुळे यांचा येणारा सिनेमा, 'खाशाबा', ऑलिम्पिक पदक आणणारे पैलवान खाशाबा जाधव यांच्यावरचा. सिनेमाची घोषणा झाली तेव्हा भाचा शाळेत होता, आता कॉलेजात आहे. या मधल्या काळात आमच्या ओटल्यावर हा सिनेमा निदान वीस वेळा तरी बनून झाला असेल. भाचा म्हणतो आकाश ठोसर पाहिजेच, तो सिनेमात यायच्या आधीपासून पैलवान, अंगात ती चाल आहे. दादा म्हणतो, छे, नवीन पोरगा येणार. 2023 मध्ये कुस्ती येणारी मुलं हवीत म्हणून जाहीर हाक दिली होती ती काय उगीच? ज्यानं अकलूजच्या शाळेतल्या मुलीला 'सैराट'मध्ये उभं केलं तो तयार चेहऱ्यामागे कशाला जाईल? वहिनी साताऱ्याकडची, तिचा जीव बोलीत अडकलेला. खाशाबांचं गोळेश्वर कऱ्हाडच्या अंगाला, तिथलं बोलणं वेगळं आणि मंजुळेंच्या करमाळा-जेऊरकडचं वेगळं, ते नीट येईल ना, एवढंच ती दर वेळी विचारते. लग्न होऊन इंदूरला आली तेव्हा आम्ही सगळे 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' असं मराठी बोलताना ऐकून ती पहिले सहा महिने गप्पच असायची म्हणे. बोली म्हणजे काय हे तिच्याइतकं आमच्यात कोणाला कळत नाही.

प्रत्येकाचा एक प्रसंग ठरलेला आहे. दादा बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो. त्याला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर पाहिजेत. 1952 मध्ये खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला या माणसानं स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. दादा म्हणतो, त्या सहीवर कॅमेरा थांबला पाहिजे. गहाणखतावर सही करताना माणसाचा हात कसा होतो हे मी रोज बघतो, बोटं आधी कागद सारखा करतात, उगीचच. महूच्या मित्राला पाहिजे ते पत्र. ऑलिम्पिकसाठी निवड होताना खाशाबांना डावललं गेलं तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांना पत्र लिहिलं, आणि पुन्हा कुस्ती लावून घेतली. ती त्यांनी जिंकली. मित्र म्हणतो, हात जोडले नाहीत, लिहून मागितलं, हे बघ. चौदा एप्रिलला लाखो माणसं बाबासाहेबांच्या ज्या जन्मगावी येतात तिथे तो लहानाचा मोठा झाला आहे. 'झुंड'मध्ये अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभे राहतात, ते दृश्य बघून हा माणूस थिएटरात मोठ्यानं रडला होता, आणि तसं सांगायला त्याला आजही संकोच वाटत नाही. मलाही हे दोघं जे मागतात ते फार खरं वाटतं.

पण खरं भांडण असतं ते शेवटावरून. नागराजअण्णा सिनेमा कुठे थांबवतील? (भाचा त्यांना अण्णाच म्हणतो, आता आम्हीही.) 'फँड्री'त जब्यानं भिरकावलेला दगड सरळ आपल्यावर येतो. 'सैराट'मध्ये ते लेकरू रक्तानं भरलेल्या पावलांनी दाराबाहेर चालत जातं आणि आवाज म्हणून उरत नाही. 'झुंड'मध्ये विमान त्या भिंतीवरून जातं जी ओलांडायची मनाई असते. मग इथे? पदकाचा चौथरा तर नक्कीच नाही, यावर सगळ्यांचं एकमत. कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, तिथे? भाचा म्हणतो नाही, ते मध्ये येईल, कारण अण्णा आनंद देतात तो पुढचं काढून घ्यायलाच. मग 1955 मध्ये पोलिसात फौजदार म्हणून लागले तिथे? की 1984 मधल्या त्या रस्त्यावर, जिथे अपघातात गेले? की 1996 मध्ये, अटलांटात लिएंडर पेस जिंकला आणि चव्वेचाळीस वर्षांनी लोकांना आठवलं की वैयक्तिक पदक आपल्याकडे आधीही आलं होतं? दादाचं म्हणणं, शेवट कोल्हापूरच्या मैदानात, जिथे परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या मारून खर्डेकरांच्या घराचे पैसे उभे केले. माझं मत दर रविवारी बदलतं.

हे सगळं चालू असताना तात्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तो अर्धा तास दाखवेल का रे तो?"

आम्हाला कळायलाच वेळ लागला. मग भाचा म्हणाला, "दाखवतील ना तात्या. पण अर्धा तास कसा दाखवणार? दोन कट, पंधरा सेकंदांत होतं ते." तो वाईट हेतूनं नाही बोलला. तो कॉम्प्युटरवर लग्नाचे व्हिडिओ कापून जोडून देतो, त्याच्यासाठी वेळ म्हणजे पट्टीवरचा एक तुकडा आहे. तात्या म्हणाले, "हं." भिंतीचा आधार घेऊन उठले, चपला घातल्या आणि गेले. वहिनीनं चहा आणला तेव्हा एक कप जास्त होता.

'सैराट' 2016 मध्ये आला तेव्हा इंदूरमध्ये मराठी सिनेमा लागणं म्हणजे एखादा शो, तोही अडनिड्या वेळेला. त्या शोला अख्खं रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर आल्यासारखं वाटलं होतं. सानंद संस्थेच्या नाटकाला भेटतात तीच माणसं, त्याच जरीच्या साड्या, पण पुढच्या चार रांगांत कॉलेजची पोरं, ज्यातली अर्धी मराठी नव्हती. गाण्याला ती पोरं पडद्यापुढे जाऊन नाचली. मराठी येत नसलेल्या पोरांना मराठी गाण्यावर असं नाचताना मी या गावात पहिल्यांदा बघितलं, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मग ती शेवटची काही मिनिटं. पंख्याचा आवाज ऐकू येईल एवढं थिएटर शांत. बाहेर पडताना जिन्यावर शंभर माणसं होती आणि चपलांशिवाय कसलाही आवाज नव्हता. मी तेव्हापासून या माणसाची वाट बघते. 'फँड्री' नंतर मागे जाऊन बघितला, घरीच. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकराला घेरलेलं ते सगळं कुटुंब जिथल्या तिथे ताठ उभं राहतं, डुक्कर निघून जातं. त्या जागी मी सिनेमा थांबवून स्वयंपाकघरात गेले होते, पाणी प्यायला. परत येऊन पुढचं बघायला बराच वेळ लागला.

यांच्या सिनेमात माणसांना थांबावं लागतं ती जागा नेहमी महत्त्वाची असते, हे मला माहीत होतं. तरीही तात्यांनी विचारलं तेव्हा मी काही बोलले नाही.

अर्धा तास म्हणजे कुठला, हे मला ठाऊक होतं. ज्यांना खाशाबा ठाऊक आहेत त्यांना ते ठाऊकच असतं. हेलसिंकीत शेवटच्या फेरीत जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाली, ती निसटली. नियम असा की दोन कुस्त्यांमध्ये निदान तीस मिनिटं विश्रांती मिळाली पाहिजे. लगेच सोव्हिएत संघाच्या ममेदबेयोवपुढे उभं राहायला सांगितलं. बाजू मांडायला तिथे आपला एकही अधिकारी हजर नव्हता. थकल्या अंगानं ते उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममेदबेयोवला रौप्य, आणि खाशाबांना कांस्य. सत्तावन्न किलोचा गट. आम्ही ही गोष्ट सांगतो तेव्हा 'कांस्य' या शब्दाकडे पोचायची घाई असते. मधली तीस मिनिटं एका वाक्यात संपतात. मीही आत्ता तेच केलं.

मागच्या गुरुवारी मी तात्यांकडे गेले. आमच्या मागच्या दोन गल्ल्या सोडून त्यांची खोली. खाटेखाली लाकडी मुद्गलाची जोडी, मुठी झिजून काळ्या झालेल्या. तात्या कुस्ती खेळायचे हे आम्हाला लहानपणापासून माहीत, त्यांच्या कानामुळे. आम्ही पोरं तो कान बघायला त्यांच्या डावीकडे बसायचो. मिटलेल्या लहान मुठीसारखा कान, कडा नाही, पाळी नाही, सगळं एकात एक वळून कडक झालेलं. बाबा सांगायचे, मातीत घासून घासून तो असा झाला, पैलवानाची ओळख आहे ती. आता ऐकू कमी येतं म्हणून दोन वर्षांपूर्वी यंत्र घ्यायचं ठरलं, तर डाव्या कानात ते बसेचना. दुकानातल्या मुलीनं तीन वेळा साचा घेतला आणि शेवटी म्हणाली, "अंकल, इसमें जगह ही नहीं है." तेव्हापासून जे काही ऐकायचं ते उजव्या कानानं.

मी सरळ विचारलं, तात्या, त्या दिवशी उठून का गेलात. ते म्हणाले, "अगं, पोराचं बरोबर आहे. सिनेमात कुठे अर्धा तास." मग थोड्या वेळानं आपणहून बोलायला लागले. त्यांचे उस्ताद रोज जोड सोडवल्यावर पोरांना कडुनिंबाखाली बसवायचे आणि उठू द्यायचे नाहीत. कोणी चुळबुळ केली की म्हणायचे, बस, खाशाबाला मिळाला नव्हता, तुला मिळतोय. रोज. त्या तालमीत अर्ध्या तासाला 'खाशाबाचा' असंच म्हणायचे. खाशाबाचा झाला का? मग ऊठ. पहिल्या दहा मिनिटांत दम परत येतो, उस्ताद सांगायचे. दुसऱ्या दहा मिनिटांत घाम सुकतो आणि अंग गार होऊन दुखायला लागतं, तेव्हाच पैलवानाला वाटतं की आता आपल्याच्यानं होत नाही. तिसऱ्या दहा मिनिटांबद्दल ते काही सांगायचे नाहीत. घोटभर पाणी द्यायचे नुसते.

"त्या तिसऱ्या दहा मिनिटांत काय होतं?" मी विचारलं.

"ते ज्याचं त्याला," तात्या म्हणाले.

मग नागपंचमी. सत्तर-एकाहत्तर साल असेल, देवासच्या पुढचं एक गाव. पावसाची झड, हौदावर ताडपत्री, माती ओली होऊन जड झालेली. तात्यांची पहिली कुस्ती लांबली, पंधरा-वीस मिनिटं, शेवटी त्यांनी ढाकेवर मारली. सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप वर आला, कोणाच्या तरी मानेभोवती गेला, आणि कमरेतून ते इतके झटकन वळले की मला गुडघ्याची भीती वाटली. ढाक ही खाशाबांची पकड, म्हणून त्यांच्या तालमीत ती सगळ्यांना पाठ. ढोल थांबला, लोकांनी नोटा दिल्या. हे अंगावरची माती निपटत कडेला आले तर पुन्हा यांचंच नाव पुकारलं. पुढच्या जोडीतला एक आलाच नव्हता, समोरचा लंगोट लावून तयार उभा. उस्ताद त्या दिवशी तापानं घरी. "आखाड्यात पैलवान स्वतः बोलत नसतो, बेटा. उस्ताद बोलतो. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळे ओळखीचे होते, पण माझ्यासाठी बोलेल असा एक नव्हता. ढोल पुन्हा सुरू झाला. मग काय, उतरलो."

खांदा त्या कुस्तीत निखळला. नंतर बसवला, पण ढाक त्या हातानं पुन्हा बसली नाही. दोन वर्षांनी मिलमध्ये लागले. हे सगळं त्यांनी कोणाला दोष न देता सांगितलं, आयोजकांना नाही, समोरच्या पैलवानाला तर नाहीच, त्याचं त्यांना कौतुकच आहे. "हरल्याचं काही नाही. हरतो माणूस. मी 'थांबा' म्हटलं नाही, ते राहिलं बघ." मग लगेच म्हणाले, "पण खाशाबानं म्हटलं असेल. त्यानं पत्र लिहिलं होतं ना. तो म्हणाला असेल. ऐकणारा नव्हता." आणि ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी नागराज मंजुळेंकडून आलेय आणि हो की नाही ते मला ठाऊक आहे.

मला ठाऊक नव्हतं. हेलसिंकीच्या त्या मेसुहाल्ली सभागृहात, पुकारा झाल्यावर खाशाबा जाधव काही बोलले का, कुठल्या भाषेत बोलले, की नुसतं इकडे तिकडे बघितलं, हे कोण सांगणार? गोळेश्वरचा, लाल मातीत, ताक-हळद-तेल घातलेल्या हौदात वाढलेला माणूस, त्या गादीवर उभा. 1948 मध्ये लंडनला सहावा आला होता, तेव्हा गादीची सवयच नव्हती. चार वर्षं तो त्या गादीसाठी जगला. आणि ऐन वेळी नियम त्याच्या बाजूनं होता, पण तो नियम बोलून दाखवायला माणूस नव्हता. एखादा सिनेमा नेमका अशा जागी जाऊ शकतो, आणि ज्या दिग्दर्शकाला राष्ट्रगीत चालू असताना निसटणारं डुक्कर दिसतं त्याला ही जागा दिसणार नाही असं मला वाटत नाही.

परत येताना मला एक कल्पना सुचली आणि मी अर्ध्या रस्त्यातून मागे फिरले. आपल्याकडे सिनेमाला मध्यंतर असतंच. ते तिथेच ठेवलं तर? इशीची कुस्ती संपते, खाशाबा धापा टाकत कडेला येतात, पुकारा होतो, आणि पडद्यावर 'मध्यंतर'. दिवे लागतात. त्यांना जी विश्रांती मिळाली नाही ती आपल्याला मिळते. आपण समोसा घेऊन परत येतो आणि ते तिथेच, तसेच, घामानं निथळत. मला ती फार मोठी गोष्ट सुचल्यासारखं वाटत होतं. गुडघ्याला तेल लावत बसलेल्या तात्यांना मी ती एका दमात सांगितली.

त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"नको," ते म्हणाले. "लोक बाहेर जातील, चहा पितील, फोन करतील. आणि तो एकटाच उभा राहील तिथे. कोणीतरी बसायला पाहिजे त्याच्यापाशी."

मी काही बोलले नाही. 'दंगल' आठवला. आमिर खानला कुस्ती शिकवली ती आपल्याच इंदूरच्या कृपाशंकर बिष्णोई यांनी, म्हणून दादा तात्यांना कौतुकानं घेऊन गेला होता. मध्यंतरात सगळे उठले, तात्या जागेवरून हलले नव्हते. आम्हाला वाटलं गुडघ्यामुळे. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले होते, "पकडी खऱ्या आहेत. पण पडल्याचा आवाज मातीचा येत नाही, गादीचा येतो." तो आवाज त्या एका कानानं त्यांनी कसा वेगळा काढला, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

या रविवारी ते आले. भाच्यानं त्यांच्या उजव्या बाजूला जागा घेतली आणि कुस्तीत दम टिकवायला काय करतात ते विचारत बसला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, वहिनीनं सांगितलं असावं. जिलेबीचं वेटोळं चहा येईपर्यंत पुरलं. दादानं पुन्हा शेवटाचा विषय काढला, बैलगाड्या की कोल्हापूर, आणि महूचा मित्र पुन्हा पत्रावर आला. तात्या ऐकत होते. उठायची वेळ झाली तेव्हा त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"लागेल तेव्हा तिकीट काढशील ना? कडेचं काढ. उजव्या हाताला वाट पाहिजे, पाय लांब करता येतो. आणि डावीकडे तू बस. तिकडून कोणी काही बोललं तर मला ऐकू येत नाही."